धोंड्याच्या महिन्यातली स्लो सायकल

आमच्या कॉलनीत हिरवळ आहे, हे लातुरात कुणाला सांगायचं तर आवाज खाली घ्यावा लागतो. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावात गवताला पाणी पाजणाऱ्यांकडं लोक वेगळ्या नजरेनं बघतात. तरी आम्ही नळाचं घालत नाही. घरोघरच्या फिल्टरमधून जे पाणी वाया जातं, ते बादल्यांनी आणून ओततो. वर्षभर त्या हिरवळीवर पाय ठेवायला बंदी असते. काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ बघावं तसं सगळे तिला कुंपणाबाहेरून बघतात आणि पुढं जातात. मग मे महिन्यात कॉलनीचा क्रीडा महोत्सव येतो, सगळे एकदम आत घुसतात आणि वर्षभर जगवलेलं गवत एका संध्याकाळी तुडवून मोकळे होतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बादल्या.

महोत्सवात माईक माझ्याकडं असतो. मला एकही खेळ येत नाही आणि गप्पही बसता येत नाही, त्यामुळं ही निवड बिनविरोध होते.

आमच्या घरात खेळणारे एकच, अण्णा. म्हणजे माझे वडील, अण्णाराव. त्यांचा खेळ स्लो सायकल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फक्कीनं आखलेल्या पट्टीतून सायकल चालवायची, पाय टेकला की बाद, पट्टीबाहेर गेला की बाद, आणि जो सगळ्यात शेवटी पोचतो तो जिंकतो. अण्णा तेल गिरणीत होते. रोज घरी येताना हँडलला तेलाची उघडी किटली लटकवलेली असायची. थेंब सांडला तर आई दारातच विचारायची. असा सराव केलेला माणूस हरेल कसा? अण्णांची सायकल चालताना कधी दिसत नाही. आपण दुसरीकडं बघून परत नजर वळवली की ती आधीपेक्षा थोडी पुढं असते, एवढंच.

यंदा मात्र त्यांचं शेवटचं होतं. गुडघ्याची वाटी बदलायची होती आणि त्यानंतर सायकल बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन धोंडा सरल्यावर करायचं ठरलं होतं. अण्णांनी डॉक्टरांना विचारलेला एकमेव प्रश्न असा होता की महोत्सव आधी येतो का नंतर. त्या दिवसापासून ते रोज सायकलीला कापड मारत होते. बोलत काही नव्हते. पण कुणी महोत्सवाच्या कपाबद्दल विचारलं की कान टवकारायचे.

तर यंदा उन्हाळ्यातच धोंड्याचा महिना आला, आणि ताईचा तो पहिलाच धोंडा.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, कपडे करायचे, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे. जावई नारायण असतो, असं आईचं म्हणणं. ऋतुजाताईचे मालक सिद्धराम, आमचे दाजी, मुदखेडचे. उमरीत त्यांचं मोबाईलचं दुकान आहे. बारीक अंगाचा, मऊ माणूस. काहीही विचारा, "चालंल की" म्हणतो. अजून एक धोंडा वाढू का? चालंल की. पंखा बंद करू का? चालंल की. ते आले नेमके महोत्सवाच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी कुणीतरी सहज विचारलं, "दाजी, खेळणार का उद्या?"

"चालंल की."

आई भिंतीला टेकून बसली होती, ती ताठ झाली.

"ते हरले तर?" तिनं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं.

"तर हरतील. खेळ हाय आई."

"धोंड्याच्या महिन्यात जावई हरतो व्हय रे? नारायण कधी हरलेला ऐकलास का?"

मी म्हटलं, नारायण लिंबू-चमचा खेळलेलाही ऐकला नाही. तिनं लाटणं हातात घेतलं, म्हणून विषय तिथंच थांबला. पण सकाळी बघतो तर आई, आमच्या लक्ष्मीबाई, नवीन पातळ नेसून कॉलनीभर फिरतायत. प्रत्येक घरी दोन अनारसे आणि एक निरोप. निरोप असा की, आमचे पाहुणे खेळणार हायत, जरा सांभाळून घ्या.

कॉलनीतल्या सगळ्यांनी अनारसे घेतले आणि निरोपही घेतला. फक्त एक माणूस सोडून. सायकल दुकानवाले पाशामियाँ, अण्णांचे जुने दोस्त आणि दरवर्षीचे दुसरे. त्यांनी अनारसे खाल्ले आणि म्हणाले, "वहिनी, बारा महिने मी अन्नारावला हरवायची तयारी करतो. घरात तुमचा जावई तो माझा बी जावई. सायकलीवर बसलो की मी कुनाचा सोयरा न्हाई."

आईला ते आवडलं नाही. पण अनारसे परत मागता येत नाहीत.

*

पहिला खेळ लिंबू-चमच्याचा. सहा जण तोंडात चमचा धरून उभे राहिले. महोत्सवाचे पंच श्रीमंत मास्तर, त्यांनी एका हातानं शिट्टी धरून वाजवली, कारण ते स्वतःही सहांपैकी एक होते. शिट्टी तोंडात आणि चमचाही तोंडात, हे त्यांनी कसं जमवलं ते मला अजून कळलेलं नाही. शिट्टी वाजताच पाच लिंबं एकदम खाली पडली. सहावंही पडलं. ते दाजींचं.

आता पंचाईत झाली. दाजींनी वाकून आपलं लिंबू उचललं, चमच्यात ठेवलं, तीन पावलं टाकली, पुन्हा पडलं. बाकीचे पाच जण गुडघ्यावर बसून आपापलं लिंबू शोधत होते. गवत हिरवं, लिंबू पिवळं. श्रीमंत मास्तरांचं लिंबू तर त्यांच्या पायाखालीच होतं, आणि ते त्यावर भार देऊन चौफेर बघत होते. दाजींचं चार-पाच वेळा पडलं. प्रत्येक वेळी ही पाच माणसं नव्या उत्साहानं शोधायला लागायची. शेवटी दाजी पोचले. मास्तरांच्या पायाखालचं लिंबू तोवर सरबताच्या लायकीचं झालं होतं.

"आणि मुदखेडचे सिद्धराम पाटील प्रथम," मी माईकवर म्हणालो. माझा आवाज मलाच नवीन वाटला.

संगीत खुर्चीत गाणं थांबलं की लोक खुर्चीजवळून असे चालत जायचे, जशी ती दुसऱ्याच्या नावावर आहे. एकदा दाजी खुर्च्यांच्या पार पलीकडच्या टोकाला होते. गाणं थांबलं. सिमेंटच्या दुकानातला विलास चुकून बसला. त्याला कोपरखळी बसली तसा तो उठला आणि म्हणाला, "बसा ना दाजी, मी काय, दिवसभर बसूनच असतो." शेवटी एकच खुर्ची राहिली आणि समोर महादेवीकाकू. त्यांनी खुर्चीची पाठ धरून ठेवली आणि दाजींना खूण केली, या. सभागृहात पाहुण्याला बसवतात तसं बसवलं. वर विचारलं, "पानी देऊ का?"

पोत्याच्या शर्यतीबद्दल मी बोलणार नाही. एवढंच सांगतो की एक माणूस पोत्यात शिरून उभा राहिला तो शर्यत संपेपर्यंत उभाच होता. विचारलं तर म्हणाला, मला वाटलं अजून शिट्टी व्हायची आहे.

दाजींना संशय आला नाही. यात त्यांचा दोष नाही. जन्मभर शेवटून दुसरा आलेला माणूस एकदम तीनदा पहिला आला, तर तो आधी हवापाण्याचा विचार करतो. ते घामानं चमकत होते. स्टीलचा डबा, पाण्याचा जग आणि एक टिफिन त्यांच्या पायाशी रचलेला होता. ताईला म्हणाले, "मला लातूरचं हवामान मानवून राहिलं बघ." मग श्रीमंत मास्तरांना बाजूला घेऊन सांगायला लागले, "मास्तर, तुमची नजर लिंबावर जाते. नजर समोर पाहिजे. लिंबाला विसरून जायचं."

मास्तर म्हणाले, "हो का. बरं झालं सांगितलंत." आणि वहीत लिहून घ्यावं तशी मान हलवली.

कुंपणाकडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर चतुराबाई बसल्या होत्या. कॉलनीत सगळ्यात वडील. त्यांच्या बाजूच्या बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. हसणं आवाजाचं नव्हतं, खांद्यांचं होतं. दाजींना ते दुरून कौतुकासारखं दिसत असणार, कारण त्यांनी एकदा त्या दिशेला हात केला. मी माईक दुसऱ्या हातात घेतला.  हसणाऱ्या माणसांत उभं राहून हसू न येणं, हा प्रकार माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

ताई माझ्याजवळ आली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"शिवम, बंद कर हे."

"मी काय करू? आईनं अनारसे वाटलेत."

"लोक हसलालेत त्यांना. ते तिकडं शिकवणी घेलालेत आन लोक हसलालेत."

"मला दिसतंय ताई."

तिनं सायकलींकडं बघितलं. अण्णा आपल्या सायकलीची साखळी बोटानं दाबून बघत होते. "स्लो सायकल तरी अण्णांची राहू दे," ती म्हणाली. "मी ह्यांना सांगते. मुद्दाम हरा म्हणते. शेवटचं साल हाय अण्णांचं."

ती दाजींना पाण्याच्या ड्रममागं घेऊन गेली. मी लांबून बघत होतो. ती काहीतरी बोलली, दाजींनी अण्णांकडं बघितलं, मग मान हलवली. चालंल की.  म्हटलं, चला, एक तरी खेळ खरा होणार.

*

पहिल्या फेऱ्या पटापट झाल्या. दाजींच्या फेरीत दोघांनी शिट्टीच्या आधीच पाय टेकवले, त्यामुळं ते एकटेच पोचले. शेवटच्या फेरीला तीन जण उरले. मधल्या पट्टीत अण्णा, डावीकडं पाशामियाँ, म्हणजे आमचे पाशाचाचा, उजवीकडं दाजी, विलासच्या पोराची गिअरची सायकल घेऊन.

ऊन उतरलं होतं. सगळी कॉलनी पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना उभी. अण्णांनी टोपी काढून आईकडं दिली, हे ते फक्त याच खेळाला करतात. पाशाचाचा म्हणाले, "अन्नाराव, आज तुला सोडनार न्हाई."

"आधी धर तर," अण्णा म्हणाले. त्या दिवसभरात ते पहिल्यांदा हसले.

मास्तरांनी शिट्टी वाजवली.

पाशाचाचा जागेवर डुलले आणि चाकाचा एक आरा पुढं सरकला. अण्णांनी पायडल दाबलं न दाबल्यासारखं केलं. आणि दाजी उजव्या पट्टीतून सुटले. नुसते सुटले नाहीत, सीटवरून उठून, पाठ वाकवून, बैल उधळावा तसे. ताईनं हरा म्हटलं होतं. स्लो सायकलीत हरायचं तर जोरात जावं लागतं, आणि दाजी सांगितलेलं काम नीट करणारा माणूस.

अण्णांनी उजवीकडं बघितलं. मला त्यांचा चेहरा दिसला. ते काय समजले ते मला तेव्हाच कळलं आणि मी काही करू शकलो नाही. ते समजले की जावयाला खेळाचा नियमच माहीत नाही. आता हा पहिला पोचणार, म्हणजे हरणार, सगळ्या कॉलनीसमोर, धोंड्याच्या महिन्यात, ते पण सासऱ्याकडून.

अण्णांनी पायडल मारलं.

त्या सायकलीनं एवढा वेग कधी बघितला नव्हता. ती कुरकुरली. अण्णा जावयाच्या आधी पोचायला निघाले. दाजींनी मागं वळून बघितलं, सासरे अंगावर येतायत, तसा त्यांनी आणखी जोर लावला. आता दोन माणसं जिवाच्या आकांतानं हरायला पळत होती, आणि मागं पाशाचाचा पुढच्या चाकावर डोळे लावून, जीभ दाताखाली धरून, वीतभर आले होते.

"अण्णा, हळू," कुणीतरी ओरडलं. मग सगळेच म्हणायला लागले. हळू, हळू. ज्या माणसाकडून कॉलनी हळू म्हणजे काय ते शिकली, त्याला कॉलनी सांगत होती.

दाजी पुढं होते. रेघ जवळ आली. अण्णांना कळलं की आता काही ते आधी पोचत नाहीत, आता ते जावयाला हरवणारच. मग त्यांनी दुसरा उपाय केला. बाद व्हायचा. त्यांनी त्या वेगात पाय टेकवला.

पाय तोच, दुखरा.

सायकल त्यांच्यावरून गेली म्हणा किंवा ते सायकलीवरून गेले म्हणा. सकाळीच बादल्या ओतलेल्या होत्या, त्या ओल्या गवतात ते आडवे झाले. माझ्या तोंडाला सवय आहे. मी माईकवर म्हणालो, "अण्णांनी कपाऐवजी प्लॉट घेतला."

दोघंतिघं हसले. मग अण्णा उठेनात, तेव्हा ते हसणं जिथं होतं तिथंच राहिलं. कुणी परत घेतलं नाही. ते शब्द माझ्या आवाजात चार कर्ण्यांमधून बाहेर पडले होते आणि मला ते गवतात उतरून वेचायचे होते, एक-एक करून. आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दाजींनी मागं बघितलं. सासऱ्यांचा पाय टेकलाय, म्हणजे आपण जिंकलो, एवढं त्यांच्या डोक्यात आलं असणार, कारण रेघ हातभर राहिलेली असताना त्यांनीही बाद व्हायला दोन्ही पाय खाली टाकले. मग सायकल तिथंच सोडून धावले.

मीही धावलो. माईक हातातच होता. तो बंद करायचा असतो, हे मला सुचलं नाही. म्हणून पुढचं सगळं बोलणं कडुलिंबाच्या झाडावर बांधलेल्या कर्ण्यांनी सगळ्या कॉलनीला ऐकवलं.

"मामा, लागलं का? कशाला पाय टेकवला तुमी?"

"तुमी जिंकावं म्हनून. तुमाला नियम ठाऊक नव्हता जावईबापू."

"ठाऊक होता मामा. मी हरून राहिलो होतो."

"कशापायी?"

"तुमचं शेवटचं साल म्हने. तुमी जिंकावं म्हनून."

कर्ण्यांनी "म्हनून" हा शब्द दोनदा म्हटला, कारण एक कर्णा समोरच्या भिंतीकडं तोंड करून होता.  मग चतुराबाईंचा आवाज माईक नसताना ऐकू आला.

"मग दुपारपासून आमी काय बघून राहिलो गं?"

 श्रीमंत मास्तरांनी चप्पल नसलेला आपला पाय बघितला, ज्याच्यावर लिंबाचा रस वाळला होता. पोत्यातला माणूस दिवसभरात पहिल्यांदा पोत्यातून बाहेर आल्यासारखा अवघडला. दाजी सगळ्यांकडं बघत होते. आधी मास्तरांकडं, मग विलासकडं, मग महादेवीकाकूंकडं. प्रत्येकाकडं बघितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी खाली उतरत होतं. तीन बक्षिसं तीन वेळा परत गेली.

ते उठले. डबा, जग, टिफिन उचलून मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"नका हो दाजी," मास्तर म्हणाले. "जावयाला दिलेलं परत घेत नसतात."

"मी जावई म्हनून खेळलो न्हाई मास्तर."

"ते खरं हाय, पन..." मास्तर म्हणाले. त्यांनी तीन वस्तू टेबलाच्या कडेला सरकवल्या. दाजींनी त्या परत मधोमध ठेवल्या. असं दोन-चारदा झालं. शेवटी त्या वस्तू कुणाच्याच नसल्यासारख्या तिथं राहिल्या.

या सगळ्यात पाशाचाचा अजून येतच होते.

त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी कान बंद केलेले असतात, डोळे चाकावर असतात. ते आले, थरथरत, तोल धरत, पट्टीला न शिवता, रेघेवर पुढचं चाक ठेवून एक हात वर केला. आणि बघतात तर कुणी त्यांच्याकडं बघतच नव्हतं.

"क्या हुआ?" ते म्हणाले. "अन्नाराव खाली का बसला?"

*

कप पाशाचाचांच्या हातात द्यायला मास्तर आले तर चाचांनी हात मागं बांधले. तोवर त्यांना सगळं कळलं होतं.

"हा कप कशाचा? दोन मानसं एकमेकांचा मान राखत पडली, मी काय हरवलं? असला कप घरी नेला तर आमची रहमतबी त्यात कोंबड्याला दाना घालंल."

"घे," अण्णा म्हणाले. ते गवतावर पाय लांब करून बसले होते. गुडघा डोळ्यांदेखत वाढत होता. आईनं टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला केला.

"न्हाई घेत."

"पाशा, सायकल आज तू एकट्यानं चालवली. आमी दोघं मानपान खेळलालो होतो." त्यांनी मास्तरांच्या हातातून कप घेतला आणि चाचांकडं धरला. उठता येत नव्हतं, म्हणून चाचांना वाकावं लागलं. कप घेताना दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. टाळ्या कुणी वाजवायच्या ते ठरेना, मग कुणीच वाजवल्या नाहीत.

घर दोन गल्ल्या पलीकडं. कुणीतरी म्हणालं, मोटार आणतो. अण्णा म्हणाले, "आता मोटारीतून वरात काढता का माझी?" मग पाशाचाचांनी अण्णांची सायकल उचलली, पुढचं चाक गुडघ्यांत धरून वाकलेलं हँडल सरळ केलं आणि अण्णांना सीटवर बसवलं. एका बाजूला चाचा, एका बाजूला दाजी, मागं कॅरिअर धरून मी. माईक मी मास्तरांकडं दिला होता. त्यांनी तो लहान मुलाच्या हातातला चाकू काढून घ्यावा तसा घेतला.

चाचांचा कप त्यांच्या बगलेत होता. गेटागेटात माणसं उभी होती. जी महोत्सवाला आली नव्हती त्यांनीही कर्ण्यांवरून ऐकलं होतं. "लागलं का अण्णा?" म्हणून विचारायची आणि खाली बघायची. अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसायचं निमित्त केलं ते उपरणं तोंडावरून काढलंच नाही.

 मग दाजी म्हणाले, "मामा, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं. तुमी नारायण." तो शब्द आजवर मी आईच्या तोंडून शंभरदा ऐकला होता. शिवीसारखा पहिल्यांदा ऐकला. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "ऋतुजानं सांगितलं व्हय तुमाला? हरा म्हनून?"

"हाव."

"म्हनजी पोरीला बी मी तसाच दिसलो. दया कराया लागंल असा."

दाजी चालता चालता थांबले, तशी सायकलही थांबली. त्या मऊ माणसाचा आवाज मऊच राहिला, पण त्यांनी पुढं बघून बोलायचं सोडलं.

"आन तुमी काय केलं मामा? तुमी बी तेच केलं ना?"

"ते येगळं. तो मान हाय. जावयाचा."

"दुपारपासून सगळे मला हसून राहिले, तो मान व्हय? मी त्या मास्तरला लिंबू कसं धरायचं ते शिकवून राहिलो. तुमी तिथंच होते. एक डाव म्हनायचं होतं, पाहुनं, बसा खाली." त्यांनी शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. "मला खेळता येत न्हाई हे मला लहानपनापासून ठाऊक हाय. त्याची लाज वाटत नव्हती कधी. आज वाटून राहिली."

अण्णांनी उपरणं तोंडावरून खाली घेतलं.    चाचा दुसरीकडं बघायला लागले. मी कॅरिअर धरून उभा होतो आणि मला एकही विनोद सुचत नव्हता, हे मला तेव्हा बरं वाटलं.

"लई वंगाळ झालं," शेवटी अण्णा म्हणाले. "तुमाला हसू दिलं म्या."

दाजी "चालंल की" म्हणाले नाहीत.

आम्ही वळणावर आलो. तिथून आमच्या दारापर्यंत सरळ सिमेंटचा रस्ता आहे. अण्णांनी ब्रेक दाबला. चांगला पाय पायडलवर ठेवला, दुसरा तसाच लोंबकळत सोडला आणि हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"सोडा," ते म्हणाले.

"अन्नाराव, पागल हुआ क्या? पडशील."

"पडलो तर पडलो. सोड."

पाशाचाचांनी माझ्याकडं बघितलं, दाजींकडं बघितलं, आणि हात काढला. एक पाऊल बाजूला झाले. दाजींचा हात सीटखाली होता. त्यांनी अण्णांच्या तोंडाकडं बघितलं आणि तोही काढला.

सायकल उभी राहिली. पुढचं चाक जरासं डावीकडं, जरासं उजवीकडं. समोरच्या गेटातली माणसं बोलायची थांबली. चाचा हळूच म्हणाले, "वा."

अण्णा वळून न बघता म्हणाले, "शिवम. तू अजून धरून हायस."

मी होतो. मला वाटलं होतं कॅरिअरवरचा हात त्यांना कळणार नाही. मी जोरात धरलंही नव्हतं, दोन बोटं लावली होती फक्त, पडले तर असावीत म्हणून.  गल्लीतल्या सगळ्यांना ती दोन बोटं दिसत होती, आणि गल्लीतलं कुणीही काही बोललं नव्हतं.

मी हात काढला.

अण्णा हलले, आता गेले असं वाटलं, आणि नाही गेले. चाक एक आरा पुढं सरकलं. थांबलं. अजून एक आरा सरकलं. दाजींचे हात अर्धवट पुढं आलेले आणि तिथंच थांबलेले. अण्णांच्या कपाळावरून घाम नाकावर आला, तो त्यांनी पुसला नाही. त्यांचा दुखरा पाय थरथरायला लागला. मला तो दिसत होता. सगळ्यांना दिसत होता. कुणीही पुढं आलं नाही.

मग त्यांनीच म्हटलं, "धरा आता."

आम्ही तिघांनी धरलं.